चारांतली ती एक कोण?

आदरणीय डॉक्टर,

माझी आई ८० वर्षांची आहे. नऊ आठवड्यांपूर्वी रात्री बाथरूमला जाताना ती पडली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑपरेशन झालं, सांध्याचा अर्धा भाग बदलला. त्यानंतर तीन दिवस ती असंबद्ध बोलत होती, मलाच ‘तुम्ही कोण?’ म्हणाली. मग सावरली. आता वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण गोळ्यांवर आटोक्यात आहेत. पडायच्या आधी ती एकटी बाहेर जायची, स्वतःचे व्यवहार स्वतः बघायची.

घरी सोडताना तिथले एक डॉक्टर सहज बोलून गेले, ‘या वयात खुबा मोडला की चारांतली एक व्यक्ती वर्षभरात जाते.’ तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. दूर राहणाऱ्या भावाने इंटरनेटवरच्या कुठल्याशा गणकात आईची माहिती भरली. जी टक्केवारी आली ती इथे लिहायला माझा हात धजत नाही. भाऊ म्हणतो, त्याच दिवशी ऑपरेशन झालं असतं तर आकडा बरा आला असता. म्हणजे दोष माझा, कारण सह्या मी केल्या.

ऑफिसातून मला एक वर्षाची बिनपगारी रजा मिळू शकते, हवी तर दोन तुकड्यांत, पण पुन्हा कधी नाही. ती आत्ता घेऊ की पुढे लागेल म्हणून राखून ठेवू? आईकडे खरोखर किती वर्षं आहेत? आणि तिला हे सगळं सांगायचं का? ती फक्त एवढंच विचारते, ‘मी पहिल्यासारखी चालेन ना?’

— एक मुलगी

ताई,

तुम्ही मुलं वर्षं मोजताय आणि आई पावलं मोजताहेत. त्यांचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा चांगला आहे. तो का, ते पुढे सांगतो. आधी त्या ‘चारांतल्या एकी’चा निकाल लावू, कारण ती तुमच्या उशाशी येऊन बसली आहे.

तो आकडा खोटा नाही. खुबा मोडलेल्या वयस्क माणसांचे जगभर असंख्य अभ्यास झाले आहेत आणि पहिल्या वर्षात जाणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी २० ते ३० टक्क्यांच्या आसपास निघतं. पण त्या शंभरांत कोण कोण असतं ते बघा. आधीच अंथरुणाला खिळलेले असतात. स्मृतिभ्रंश इतका वाढलेला असतो की भरवल्याशिवाय घास जात नाही, असे असतात. कॅन्सर हाडात उतरल्यामुळे ज्यांचं हाड मोडलं तेही काही अभ्यासांत असतात. हृदय इतकं थकलेलं की भूल द्यायला कोणी धजावलं नाही, असेही असतात. आणि आदल्या दिवसापर्यंत एकट्या बाहेर जाऊन स्वतःचे व्यवहार बघणाऱ्या तुमच्या आईही त्यातच. सगळ्यांची मिळून एक सरासरी काढली की ‘चारांत एक’ येतं. ते वाक्य म्हणजे चार बायका रांगेत उभ्या करून चिठ्ठी काढणं नव्हे. त्या चौघींच्या नावाच्या चिठ्ठ्या सारख्या नसतातच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती घरच्यांना कोणी सांगत नाही. तो आकडा पडल्या दिवसापासून मोजलेला असतो. तुमच्या आई आज त्या दिवशी नाहीत, नऊ आठवडे पुढे आल्या आहेत.

असे अंदाज काढतात कसे, ते थोडक्यात सांगतो. एकाच प्रकारच्या दुखापतीची माणसं घ्यायची, दिवस शून्यापासून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि किती जण उरले याची रेघ काढत जायचं. मधेच कोणाचा पत्ता लागेनासा झाला किंवा अभ्यास संपताना कोणी हयात असलं, तर त्यांना तेवढ्या काळापुरतं हिशेबात धरायचं. ही रीत कॅप्लन आणि मायर या दोघांनी १९५८ साली मांडली आणि आजही दवाखान्याबाहेर ऐकू येणाऱ्या टक्केवाऱ्यांपैकी बऱ्याचशा तिच्यातूनच येतात. खुब्याच्या फ्रॅक्चरची ही रेघ सुरुवातीला कड्यासारखी कोसळते. पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका त्याच वयाच्या, हाड न मोडलेल्या माणसांपेक्षा बायकांत सुमारे पाचपट ते सहापट आणि पुरुषांत जवळजवळ आठपट असतो. नंतर रेघ बरीच सपाट होते.

आता साधा हिशेब करू. आकडे मी केवळ समजावण्यापुरते घेतोय. समजा शंभरांतल्या पंचवीस जणी वर्षभरात जाणार आहेत आणि त्यातल्या दहा पहिल्या दोन महिन्यांतच गेल्या. उरल्या नव्वद. पुढच्या दहा महिन्यांत जाणाऱ्या पंधरा. नव्वदांत पंधरा म्हणजे सहांत एक. कोणावर नवा उपचार झाला नाही, चमत्कार झाला नाही, तरी चारांतली एक सहांतली एक झाली, केवळ कड्याचा भाग मागे पडला म्हणून. त्यातून अंथरुणाला खिळलेल्या आणि आधीच खंगलेल्या बायका वजा केल्या तर तुमच्या आईंच्या जोडीला उरणाऱ्यांचा धोका आणखी खाली येतो.

पण रेघ सपाट होते म्हणजे ती पूर्वपदावर येते, असं मी म्हणणार नाही. २०१० साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. ८० व्या वर्षी खुबा मोडलेल्या बायका आणि त्याच वयाच्या, हाड न मोडलेल्या बायका यांची त्यात तुलना होती. मोडलेल्यांच्या शंभरांत जादा मृत्यू किती? एका वर्षाअखेर ८, दोन वर्षांअखेर ११, पाच वर्षांअखेर १८, दहा वर्षांअखेर २२. हे आकडे एकावर एक साचत गेलेले आहेत. पहिल्या एका वर्षात आठ, आणि तिथून पुढे नऊ वर्षांत मिळून चौदा. धोक्याचा मोठा घास पहिल्या वर्षाचा असतो, पण नंतरही तो थोडा थोडा चघळत राहतो. दहा वर्षांनीही दोन्ही रेघा एकमेकींना भेटत नाहीत.

पुरुषांचे आकडे याच क्रमाने १८, २२, २६ आणि २०. शेवटचा २० बघून वाटेल की दहा वर्षांनी काही जण परत आले! तसं नाही. ८० च्या पुढे दहा वर्षांत हाड न मोडलेले पुरुषही इतके जातात की फरक दाखवायला दुसऱ्या बाजूला माणसंच उरत नाहीत. हे मुद्दाम सांगतोय. ८० वर्षांच्या माणसाच्या बाबतीत ‘फ्रॅक्चरमुळे गेले’ आणि ‘गेलेच असते’ यांच्यातली सीमा फार पुसट असते. तुमच्या भावाच्या पडद्यावर जी टक्केवारी उमटली तिचा मोठा हिस्सा आईंच्या वयाचा आहे, खुब्याचा नव्हे. आई पडल्या नसत्या आणि भावाने उगाच कुतूहलाने नुसतं वय भरलं असतं, तरी पाच-दहा वर्षांचा आकडा काही मिठाई वाटण्यासारखा आला नसता. पडण्याआधी तुम्ही तो विचारत नव्हता, इतकंच.

शिवाय वरचा हिशेब पाश्चात्त्य देशांतल्या गोऱ्या वृद्धांचा आहे. मुळातलं आयुर्मान जिथे वेगळं, तिथे आकडेही वेगळे. यावरून गणकाकडे येतो.

गणकाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली, जास्त धोक्याची माणसं आणि कमी धोक्याची माणसं यांचा क्रम त्याला बरोबर लावता येतो का? दुसरी, त्याने सांगितलेली टक्केवारी प्रत्यक्षात तितकीच निघते का? वजनाचा एखादा काटा सगळ्यांचंच वजन तीन किलो जास्त दाखवतो. कोण जड, कोण हलकं हे तो अचूक सांगेल, पण तुमचं वजन चुकीचंच सांगेल. खुब्याचे बरेचसे गणक क्रम बऱ्यापैकी लावतात. पण ज्या देशात, ज्या दशकात ते तयार झाले तिथून उचलून दुसरीकडे वापरले की काटा हलतो. उपचार सुधारले तरी हलतो.

आणि कुठला गणक कशासाठी बनवला आहे तेही बघावं लागतं. यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे २००८ सालचा नॉटिंगहॅम स्कोअर. तो सात गोष्टी विचारतो: वय, स्त्री की पुरुष, दाखल होतानाचं हिमोग्लोबिन, स्मरणशक्तीच्या छोट्या चाचणीतले गुण, माणूस स्वतःच्या घरी राहतो की संस्थेत, इतर किती आजार आणि कॅन्सर. तो बनवला गेला ३० दिवसांत काय होईल ते सांगायला. पुढे एका वर्षाच्या अंदाजासाठीही तो तपासला गेला. पण नऊ आठवडे उलटल्यावर त्यात दाखल होतानाची माहिती भरून पाच वर्षांचं भविष्य काढायचं, म्हणजे निकाल लागून गेल्यावर प्रवेशपरीक्षेचे गुण मोजत बसणं. भावाने कुठला गणक वापरला मला माहीत नाही. कुठलाही असो, त्याने एक गोष्ट विचारली नसेल: बाई आज किती पावलं चालते?

मग लांबच्या पल्ल्याचा अंदाज कशावरून करायचा? एवढ्या वर्षांत मी ज्यावर सगळ्यात जास्त विसंबतो ती गोष्ट एक्स-रेवर दिसत नाही. पडायच्या आदल्या आठवड्यात माणूस कसा जगत होता, ती ही गोष्ट. यासाठी एक जुनी, अगदी साधी मोजपट्टी आहे. प्रश्न तीन: घरातल्या घरात फिरता येत होतं का, घराबाहेर पडता येत होतं का, खरेदीला जाता येत होतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. अजिबात नाही तर शून्य, दुसऱ्याचा हात धरून एक, काठी किंवा वॉकर घेऊन दोन, कशाच्याही आधाराशिवाय तीन. पूर्ण गुण नऊ. पाचाच्या आसपास किंवा खाली असलेल्यांचं पहिलं वर्ष बरंच खडतर जातं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या आईंना मी नऊ देईन, फार तर आठ. मला दिवसभरात एकच प्रश्न विचारायची मुभा असती तर मी वय न विचारता हाच विचारला असता.

त्याखालोखाल स्मृतिभ्रंश, हृदय-फुप्फुस-मूत्रपिंड यांचे जुने आजार, वजन घटत असणं, रक्तातलं प्रथिन आणि हिमोग्लोबिन कमी असणं. हाड नेमकं कुठे मोडलं, मांडीच्या हाडाच्या मानेत (म्हणजे सांध्यातल्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागात) की त्याहून खाली, याने शस्त्रक्रिया कुठली करायची ते ठरतं. मानेत मोडलं की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती, म्हणून तुमच्या आईंसारखा अर्धा सांधा बदलतात. खाली मोडलं तर रॉड किंवा प्लेट-स्क्रू. पण वय आणि तब्येत सारखी धरली तर दूरच्या आयुष्यावर याचा फरक लोकांना वाटतो तितका पडत नाही.

त्या तीन दिवसांबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. ऑपरेशननंतरचा तो भ्रम वयस्क माणसांत खूपदा होतो आणि ओसरतो. पण तो झाला त्यांची पुढची वाटचाल, न झालेल्यांच्या मानाने, सरासरीने थोडी अवघड असते. एक कारण असं की मेंदूची शिल्लक आधीच थोडी घटलेली असेल तर भ्रम चटकन होतो. याचा अर्थ आईंना स्मृतिभ्रंश आहे असा नाही. तीन-चार महिने झाले की स्मरणशक्तीची साधी तपासणी करून घ्या. आणि पुढे कधी दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर पहिल्याच मिनिटाला सांगा की मागच्या वेळी असं झालं होतं.

आता भावाचा आरोप. पुढे लिहितोय ते त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवा. २०२० साली ‘हिप अटॅक’ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. १७ देश, २,९७० रुग्ण. अर्ध्यांचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत, उरलेल्यांचं नेहमीसारखं, साधारण २४ तासांत. ९० दिवसांत गेले किती? घाईच्या गटात ९ टक्के आणि नेहमीच्या गटात १० टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. घाईच्या गटात भ्रम थोडा कमी झाला आणि माणसं लवकर उभी राहिली, हे खरं. ते लपवत नाही. पण दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होणं म्हणजे उशीर नव्हे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावं, असंच मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं असतं. उशीर म्हणजे चार-पाच दिवस नुसतं पडून राहणं. तुमच्या सहीने आईंचं काही हिरावलं नाही.

मोडलेलं हाड सहसा जीव घेत नाही. जीव घेतं ते अंथरूण. माणूस पडून राहिला की फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, पायातल्या शिरेत रक्ताची गाठ धरते, पाठीला शय्याव्रण होतात, तहान-भूक मरते आणि मांडीचे स्नायू आठवड्या-आठवड्याला उतरत जातात. दुसरी बाजू अशी की पुष्कळदा पडणं ही सुरुवात नसतेच. आतून चाललेली घसरण त्या रात्री बाहेर दिसते, इतकंच. स्वीडनमधल्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात खुबा मोडल्यानंतरच्या मृत्यूंपैकी १७ ते ३२ टक्केच थेट त्या फ्रॅक्चरच्या माथी मारता आले. बाकीच्यांना आधीच्या आजारांनी गाठलं. म्हणून ‘आई का पडल्या’ हा प्रश्न अजून कोणी विचारला नसेल तर विचारा. रात्री साखर खाली गेली होती का? झोपून उठल्यावर रक्तदाब एकदम उतरतो का? झोपेची गोळी चालू आहे का? मोतीबिंदू? अंधार? ‘पाय घसरला’ हे उत्तर मी स्वतः कधीच मान्य करत नाही. पाय तरुणांचेही घसरतात, ते सावरतात.

आता घाईची गोष्ट. म्हणूनच हे उत्तर छापून यायची वाट न पाहता तुम्हाला आधीच पाठवतोय. आईंच्या कागदांत हाडं ठिसूळ होण्यावरचं काही औषध लिहून दिलं आहे का ते बघा. ऑपरेशन चोख होतं आणि हे राहून जातं, असं इतक्यांदा पाहिलंय की आता राग येणंही बंद झालं. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला याचा अर्थच हाड ठिसूळ झालं आहे, त्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही. २००७ साली झोलेड्रोनिक ॲसिड या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात फक्त खुबा मोडलेले २,१२७ रुग्ण होते. वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम शिरेतून, पहिला डोस ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत. नवं फ्रॅक्चर झालं ते औषध न मिळालेल्यांत १३.९ टक्के, मिळालेल्यांत ८.६. मृत्यू १३.३ टक्के विरुद्ध ९.६. मृत्यू कमी होण्याचा भाग पुढे सगळ्या अभ्यासांत इतका ठळक दिसला नाही, म्हणून त्यावर मी फार वजन टाकणार नाही. दुसरं हाड वाचतं, याबद्दल मात्र वाद नाही. आणि दुसरा खुबा मोडणं म्हणजे तो सगळा कडा पुन्हा पहिल्यापासून.

नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस. त्या चाचणीतल्या मुदतीचे साधारण २७ दिवस तुमच्या हातात आहेत. मुदत उलटली म्हणजे दार बंद झालं असं नाही, पण रेंगाळू नका. आधी मूत्रपिंडाची तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघावं लागतं, कारण मूत्रपिंड फार कमजोर असेल तर हे औषध देत नाहीत, दुसरं देतात. दात काढायचे असतील तर तेही आधी सांगा. काय द्यायचं ते तपासून तुमचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त विषय काढायचा.

बाकी दोन गोष्टी झटपट सांगतो. रोज थोडं थोडं वाढवत जाणारा व्यायाम, तोही पायांना जोर लागेल असा, नुसतं पाय हलवणं नव्हे. आणि आहारात प्रथिनं, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. या वयातली बाई ‘भूक नाही’ म्हणून निम्म्यावरही पोचत नाही, म्हणून एकदा मोजून बघा.

रजा. तुम्ही आयुष्याची लांबी विचारून रजेची तारीख ठरवायला निघालात. त्या वाटेने उत्तर मिळायचं नाही. लांबी सांगण्यात आम्ही डॉक्टरही कच्चे आहोत. २००० साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांबद्दल डॉक्टरांनी दिलेले अंदाज तपासले तर जेमतेम २० टक्के बरोबर निघाले, आणि चुकलेल्यांतले बहुतेक जास्त आशावादी. मी स्वतः दोन्ही बाजूंनी तोंडघशी पडलोय. एका मुलाला ‘काळजी नको’ म्हणालो आणि त्याचे वडील एकोणिसाव्या दिवशी गेले. दुसऱ्या एका घरी ‘सहा महिने’ म्हणालो, त्या आजी त्यानंतर आठ वर्षं दर तपासणीला मला त्याची आठवण करून देत राहिल्या.

म्हणून प्रश्न बदला. माझ्या असण्याने सगळ्यात जास्त फरक केव्हा पडेल? याचं उत्तर आहे. चालण्यातली सुधारणा बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत होते, थोडीफार वर्षापर्यंत चालू राहते. दुसऱ्यांदा पडण्याची भीतीही याच काळात जास्त. तेव्हा रजेचा पहिला तुकडा आत्ता, चार महिन्यांचा, म्हणजे सहा महिन्यांचा टप्पा गाठला जाईल. उरलेले आठ महिने राखून ठेवा. आणि ते चार महिने उशाशी बसून काढू नका. तुम्ही सगळं हातात आणून देणार असाल तर रजा न घेतलेली बरी. आईंना उठायला लावायचं, हे तुमचं काम.

तरीही तुम्ही खोदून विचारणार, म्हणून माझा अंदाज सांगतो. पुढच्या वर्षी याच सुमारास तुमच्या आई असतील, याची शक्यता नसण्यापेक्षा कितीतरी पट जास्त आहे. पाच वर्षांबद्दल मी कुठल्याच बाजूने पैज घेणार नाही. अंदाज एकदाच काढून भिंतीवर टांगायचा नसतो. चौथ्या महिन्यात पुन्हा काढा, सहाव्यात पुन्हा. तेव्हा बघायच्या गोष्टी घरच्या घरी दिसतात: वजन टिकलंय की उतरतंय, मधे पुन्हा दाखल व्हावं लागलं का, वॉकरची काठी झाली का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, आणि सकाळी उठून काही करावंसं वाटतं का. यातल्या तीन-चार गोष्टी उलट्या दिशेने चालल्या असतील तर राखलेली रजा काढायची वेळ आली समजा, मग गणक काहीही म्हणो.

आता आईंचा प्रश्न. ‘पहिल्यासारखी चालेन ना?’ याचं खरं उत्तर असं: खुबा मोडलेल्यांपैकी साधारण निम्मी माणसं पूर्वीच्या चालण्यापर्यंत पोचतात, बाकीच्यांना काठी किंवा वॉकर कायमचा लागतो. आधी चांगल्या चालणाऱ्यांना जोर जास्त असतो, पण गमवायलाही जास्त असतं. हे त्यांना असंच सांगा. ‘हो, हो, नक्की’ म्हणून उडवू नका, त्या व्यवहार सांभाळणाऱ्या बाई आहेत, सूर ओळखतात. चालणं आणि जगणं या बाबतीत एकमेकांच्या हातात हात घालून जातात, म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की त्यांचा प्रश्न चांगला आहे.

टक्केवारी आपणहून सांगायला जाऊ नका, आणि विचारली तर लपवूही नका. आधी त्यांनाच विचारा, ‘आई, पुढचं तुला किती जाणून घ्यायचंय?’ काही माणसं म्हणतात सगळं सांग, काही म्हणतात तुझं तू बघ. दोन्ही ठीक. पण एक गोष्ट त्यांच्याच तोंडून आत्ता, डोकं स्वच्छ असताना ऐकून ठेवा: पुन्हा मोठं आजारपण आलं तर काय करायचं, काय नाही करायचं, आणि त्या स्वतः बोलू शकत नसतील तर त्यांच्या वतीने कोणी बोलायचं. ते बोलणं भावाच्या समोर होऊ दे, फोनवर का होईना. मागच्या वेळी त्या तीन दिवसांत तुम्ही एकट्या होता, आणि सहीचं भांडण तिथूनच सुरू झालं.

मला पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: इंजेक्शनचं काय ठरलं, आईंचं वजन किती भरलं, आणि खुर्चीतून त्या कशा उठतात.